धुकेवाल्याची लांडगीण

गावात त्याला सगळे धुकेवाला म्हणत. नाव ठेवलं होतं चिडवायला, पण गडी असा खुळचट की त्यानं ते दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं. अशा माणसाला पुढं कोण कशाला चिडवतंय?

पोटासाठी तो लग्नांचे, ओळखपत्रांचे फोटो काढायचा आणि मेलेल्या माणसांच्या तसबिरी बनवून द्यायचा. या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. जन्मभर कपाळाला आठ्या घालून बसलेला म्हातारा असला, तर हा कॉम्प्युटरवर त्याच्या आठ्या उतरवायचा, डोळ्यांत चमक घालायचा, मागची ओल आलेली भिंत पुसून तिथं निळसर उजेड भरायचा. घरचे डोळे पुसत म्हणत, "अगदी आमचे अण्णा हो!" अण्णा हयातीत एक दिवस तसे दिसले नव्हते, ही गोष्ट वेगळी. मेलेला माणूस तक्रार करत नाही आणि जिवंत माणसाला गोड आठवण हवी असते, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

जीव मात्र त्याचा पहाटेत अडकलेला. गावाच्या कडेला खडी क्रशर होता. दगड फोडून खडी करणारं ते यंत्र दिवसभर असं भरडायचं की जवळच्या घरांतली भांडी फळीवरून सरकत सरकत कडेला यायची. क्रशरच्या पलीकडं दलदल आणि दलदलीच्या पलीकडं मोकळा माळ. थंडीत या पट्ट्यात धुकं उतरायचं, आणि क्रशर सुरू होण्याआधीचा तेवढा वेळ याचा. ओल्या गवतात पालथा पडून, कॅमेऱ्यावर जुनं बनियन टाकून, काचेवर वाफ धरू नये म्हणून तोंड बाजूला करून श्वास घेत हा पडलेला असायचा. बगळे, कोल्हे, रानडुकरं, जे येईल ते. "उन्हात जनावर नुसतं दिसतं," तो म्हणायचा, "धुक्यात ते येतं." ऐकणारा मान डोलवायचा आणि पासपोर्टचे फोटो कधी मिळतील ते विचारायचा.

कॅमेऱ्याला धुकं कळत नाही, हे त्याचं आवडतं भाषण. एवढं पांढरं बघून कॅमेरा बावचळतो आणि सगळं राखेसारखं करून टाकतो. म्हणून काढताना उजेड थोडा जास्त घ्यायचा आणि मग घरी बसून त्यातून पहाट परत बाहेर काढायची. निळं किती ठेवायचं, पिवळं किती, काळं किती खोल न्यायचं, सगळं मनातल्या मूडप्रमाणं. "फोटो निम्मा रानात होतो आणि निम्मा खुर्चीत," असं तो सांगायचा.

"मग निम्मी झोप तरी अंथरुणात घ्या," बायको म्हणायची. ती दुकानात समोरच्या टेबलावर फ्रेमच्या पट्ट्या कापायची आणि नवऱ्याच्या खुळाला लगाम घालायची, म्हणजे घालायचा प्रयत्न करायची. बाई फटकळ होती, पण तिची नजर नवऱ्यापेक्षा सरळ होती, हे मी आधीच सांगून टाकतो.

तिचा धाकटा भाऊ वनखात्यात गार्ड होता. हातात काठी, अंगावर विरलेला गणवेश आणि डोक्यावर एवढी मोठी हद्द की ती पायी फिरायला दोन जन्म लागावेत. याला जनावरांचं वेड आणि भाऊजींना जनावरांच्या फोटोंचं, त्यामुळं मेव्हण्या-मेव्हण्यांचं जमायचं. एका थंडीत गार्ड दुकानात आला, ताईनं दिलेला चहा त्यानं उभ्याउभ्याच संपवला आणि भाऊजींना दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाला, "बाईसाहेब आल्यात."

"कोण बाईसाहेब?"

"लांडगीण. जुन्या वीटभट्टीत. दोन पिल्लं आहेत."

वीटभट्टी दलदलीच्या टोकाला होती. बंद पडून जमाना झाला होता, तिची अर्धी पडकी चिमणी तेवढी उभी होती. चिखलात माणूस कमरेपर्यंत रुतायचा आणि वर सापांची भीती, म्हणून तिकडं कोणी फिरकत नसे. भट्टीच्या पोटातल्या राखेच्या भुयारात लांडगिणीनं घर केलं होतं. या भागात कित्येक वर्षांत लांडगा दिसला नव्हता. गार्ड असा हळू बोलत होता जणू त्याच्याच घरी बाळंतपण झालंय.

"तुम्हाला नेतो," तो म्हणाला, "पण भाऊजी, जागा कुणाला कळता कामा नये. क्रशरवाल्यांना तर मुळीच नाही. शब्द द्या."

"दिला," धुकेवाला म्हणाला. आणि त्याच्या बाजूनं सांगायचं तर त्यानं तो अगदी मनापासून दिला होता.

कितीतरी पहाटा कोऱ्या गेल्या. मग एकदा धुकं थोडं सैल झालं, आणि ती भुयारातून बाहेर आली. विटांसाठी माती काढून झालेल्या खड्ड्यात लाल पाणी साचलं होतं, तिथं वाकून ती प्यायली. मान वर केली तेव्हा तिचं तोंड डोळ्यांच्या खालपर्यंत लाल चिखलानं माखलं होतं. तिनं सरळ त्याच्याकडं बघितलं. मागं दोन पिल्लं एका फाटक्या पोत्याची ओढाओढ करत होती, आणि त्यांच्या मागं ती पडकी चिमणी धुक्यात विरत गेलेली. धुकेवाल्याचं बोट बटणावर होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं एकच फोटो काढला, कारण दुसरा काढायला ती थांबली नाही.

दुकानात येऊन त्यानं तो मोठ्या पडद्यावर लावला. फोटो चांगला होता, वादच नाही. पण बघता बघता त्याला तो गरीब वाटायला लागला. पोतं ओढणारी पिल्लं म्हणजे साबणाच्या जाहिरातीसारखी. चिमणी तर नकोच. रानातलं जनावर कुठं राहिलं, वीटभट्टीवाल्याचं कॅलेंडर झालं! त्याच्या मनातली लांडगीण वेगळीच होती, आणि मनातलं काढण्यात तर तो पटाईत. त्यानं चिमणीवर धुकं ओढलं. पिल्लांवर धुकं ओढलं. उजेड खाली नेला, निळं वाढवलं, तिच्या डोळ्यांत पिवळा कण ठेवला. मग तोंडावरचा लाल चिखल. तो त्यानं थोडा वाढवला, मग आणखी थोडा, आणि एका क्षणी तो चिखल राहिला नाही, रक्त झालं. त्याचा हात थांबला. त्याला कळलं की हे रक्त झालंय. आणि तो खूश झाला.

बायको मागं येऊन उभी राहिली होती. "पिल्लं कुठं गेली?"

"काढली. मूड बिघडत होता."

"कुणाचा? आईच्या पाठची पोरं पुसलीत तुम्ही. आणि तोंडाला हे काय फासलंय तिच्या?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतंय म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली आणि पट्ट्या कापायला गेली. फ्रेम मात्र तिनंच बनवली, काळी, जाड, आणि फोटो दुकानाच्या काचेत लागला.

लोक थबकायला लागले. आजवर त्याच्या बगळ्यांपुढं कुणी थांबलं नव्हतं. आता शाळेतली पोरं काचेला नाकं लावून उभी राहायची, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका "बाई गं!" म्हणून पुढं सरकायच्या, तरणी मंडळी मोबाइलवर त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवायची. क्रशरचा मुकादम तर गाडीतून उतरून बघून गेला. धुकेवाला गल्ल्यावर बसून हे सगळं बघायचा आणि त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. माणसाला असं वाटू लागलं की समजावं, आता पाय घसरणार.

गार्डनं फोटो पाहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "जागा दिसत नाही, तेवढं बरं केलंत. पण हे रक्त?"

"अरे, मूड आहे तो."

"मूड तुमच्या काचेत राहील, भाऊजी. जनावर माझ्या हद्दीत राहतं."

धुकेवाल्यानं हसून सोडून दिलं. मोठ्यांनी धाकट्यांचं बोलणं असंच सोडून द्यायचं असतं ना!

आणि मग ती सकाळ आली. क्रशरवर डंपर चालवणारा एक ड्रायव्हर होता, तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी धुक्यातून शाळेला निघाली आणि क्रशरच्या कुंपणापाशी जनावरांनी तिला खाली पाडलं. किंकाळ्या ऐकून बाप धावला, तेव्हा धुक्यात काहीतरी करडं पळताना त्याला दिसलं, बस. पोरीचा गाल फाटला होता, दंडाचं मांस लोंबत होतं, मानेजवळ दात रुतले होते. बापानं तिला उचलून डंपरमध्ये घातलं आणि दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. पोर जगली. पण जबडा बांधून ठेवल्यानं तिला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, चावे तीन-चार वेगवेगळ्या जबड्यांचे आहेत. गार्ड जाऊन जागा बघून आला आणि म्हणाला, हे कुत्र्यांचं काम. मुकादमानं खडीच्या राखणीला चार दांडगी कुत्री पाळली होती. रात्री मोकळी सोडायची आणि उजाडताना बांधायची असा शिरस्ता होता, पण धुकं असलं की बांधणारा आळस करायचा, हे क्रशरवर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून बोलायचं कोण? तोंडातला घास मुकादमाच्या हातात. त्यापेक्षा लांडगा बरा. लांडग्याला मुकादमाची नोकरी नसते. शिवाय लांडग्याचं रक्ताळलेलं तोंड सगळ्या गावाच्या मोबाइलमध्ये होतंच की! दुपारपर्यंत चोर सुटला होता आणि संन्याशाच्या फाशीची तयारी झाली होती.

जमाव दुकानात घुसला तेव्हा पुढं मुकादम होता आणि त्याच्या शेजारी ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या सदऱ्यावरचं पोरीचं रक्त वाळून काळं पडलं होतं. मुकादमानं काचेतली फ्रेम उपसून काउंटरवर आपटली. काच फुटून बायकोच्या हाताला लागली.

"हीच ना ती? कुठं आहे?"

"तिनं काही केलेलं नाही," धुकेवाला म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाही का?"

"तोंडाला काय लागलंय मग? कुंकू?"

कुणीतरी त्याची गचांडी धरली, कुणीतरी कानाखाली वाजवली. कॅमेऱ्यांचं कपाट आडवं झालं. पण मार त्याला फारसा जाणवलाच नाही, कारण त्याला एक गोष्ट लख्ख सुचली होती. मूळ फोटो! तो कॉम्प्युटरमध्ये होता, हात न लावलेला. त्यात नुसता चिखल होता. त्यात ती लेकुरवाळी होती. जन्मभर त्यानं लोकांना खोटं दाखवलं होतं आणि ते लोकांना पटलं होतं. मग खरं दाखवल्यावर तर पटेलच, असा त्या भाबड्याचा हिशेब.

"थांबा!" तो ओरडला. "दाखवतो. खरा फोटो दाखवतो."

पडदा त्यानं जमावाकडं वळवला आणि मूळ फोटो उघडला.

"हे बघा. लाल माती आहे ती. पाणी पिताना लागलेली. रक्त मी घातलं. मी, या हातानं! आणि ही तिची पिल्लं बघा. ती कशाला तुमच्या पोरीच्या वाटेला जाईल?"

ड्रायव्हर पडद्याकडं बघत राहिला. क्षणभर असं वाटलं की त्याच्या खांद्यातला ताठा उतरतोय. धुकेवाल्यानं ते पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मुकादम पुढं वाकला आणि त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. लांडगिणीवर नाही, पिल्लांवरही नाही. मागं.

"ही चिमणी," तो म्हणाला. "अरे, ही तर जुनी भट्टी!"

धुकेवाल्यानं झडप घालून पडदा बंद केला. वरातीमागून घोडं. चिमणी लपवली होती ती त्याच्या खोट्या फोटोनं, आणि दाखवली ती खऱ्यानं. बायकोनं रक्ताळलेल्या हातानं तोंड झाकून घेतलं.

"आत्ताच जाऊ," मागून कुणी म्हणालं.

"आत्ता ती माळावर असेल," मुकादम म्हणाला. "पहाटे पिल्लांपाशी येते. टायर घ्या, पहारी घ्या. सगळी एकदम सापडतील." एवढं बोलून तो निघाला, आणि त्याच्या मागून सगळे.

धुकेवाला धावत गार्डच्या खोलीवर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. गार्डनं ऐकलं, आणि ज्या भाऊजींना त्यानं आजवर 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, त्यांच्या तोंडात ठेवून दिली.

"काय करून बसलास तू?" तो म्हणाला. "जागा दाखवलीस? तू?"

ती थप्पड जमावाच्या सगळ्या मारापेक्षा जास्त झोंबली. पण रुसायला वेळ नव्हता. गार्डनं साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, गाडी बाहेर गेलीय, सकाळी माणसं पाठवतो. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, जनावरासाठी? शेवटी उजाडायच्या आधी दोघंच निघाले, एक काठी घेऊन आणि दुसरा सवयीनं गळ्यात कॅमेरा अडकवून.

धुकं असं दाट होतं की पुढचा माणूस दिसेना. गार्डच्या मनात होतं की आवाज करून तिला हुसकावावं, म्हणजे ती पिल्लं तोंडात धरून माळाकडं निघून जाईल. दोघांनी भट्टीपाशी डबे बडवले, आरडाओरडा केला. आणि जे कुठलीही आई करेल तेच तिनं केलं: पिल्लांना घेऊन ती भुयारात आणखी खोल शिरली.

मग धुक्यातून आवाज आला. पहार दगडावर घासली की येतो तसला. मग दुसऱ्या बाजूनं. धुकेवाल्याला कळेना ते किती जण आहेत आणि कुठून येताहेत. ज्या धुक्यासाठी त्यानं निम्मं आयुष्य गवतात काढलं, त्याचा त्याला त्या वेळी असा संताप आला की ते दोन्ही हातांनी फाडावं.

गार्ड भुयाराच्या तोंडाशी उभा राहिला. "एक पाऊल पुढं टाकलंत तर आत टाकीन सगळ्यांना. सरकारी माणूस आहे मी!"

"सरकारी माणूस पोर चावली तेव्हा कुठं होता?" ड्रायव्हर म्हणाला.

"कुत्री होती ती, दादा. तुमच्या मुकादमाची. त्यांना विचारा ना!"

मुकादमानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. पहारीचा पहिला फटका गार्डच्या काठी धरलेल्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो पडला तरी त्यानं भुयाराच्या तोंडाशी अंग आडवं टाकलं, तेव्हा त्याला पायांनी तुडवून, केसांना धरून बाजूला ओढलं. धुकेवाला मध्ये पडला. त्याच्या बरगड्यांत लाथ बसली आणि तो त्याच लाल खड्ड्यात उताणा गेला. वर येताना नाकातोंडात गाळ गेलेला, आणि कानांवर येत होतं ते गार्डचं ओरडणं. तो मदतीसाठी ओरडत नव्हता. "जा गं! जा!" असं तो भुयाराला सांगत होता.

टायर पेटवून भुयारात ढकलले. काळा धूर पांढऱ्या धुक्यात मिसळायला लागला. आत खोकल्यासारखा आवाज सुरू झाला, बारीक आणि मोठा, दोन्ही. मग ती बाहेर आली. पाठीचे केस जळत होते. एका माणसाची मांडी तिनं फोडली आणि ती मोकळी झाली. समोर माळ होता, आणि धुकं असं की चार ढांगांत ती नाहीशी झाली असती. ती गेलीही. आणि आतून पिल्लू किंचाळलं तशी परत आली.

त्यांनी तिला पहारींनी मारलं. एका फटक्यात काही ती मेली नाही. कंबर मोडली तरी पुढच्या पायांवर ती भुयाराकडं सरकत होती, आणि माणसं शिव्या देत, दमत, पुन्हा मारत होती. पिल्लांना ड्रायव्हरनं काढलं. धुरानं अर्धमेली झाली होती दोन्ही. त्यानं त्यांना मागच्या पायांनी धरलं आणि चिमणीच्या विटांवर आपटलं, एक, मग दुसरं. हे करताना तो मोठमोठ्यानं आपल्या मुलीचं नाव घेत होता. मला त्या माणसाचा राग येतो आणि तरी त्याला नुसता कसाई म्हणायला जीभ उचलत नाही, काय करू?

क्रशर सुरू व्हायची वेळ झाली, धुकं विरळ झालं. मुकादमानं लांडगिणीवर पाय ठेवला. तिचं तोंड आता खरोखरच रक्तानं माखलं होतं, अगदी फोटोतल्यासारखं.

"ए धुकेवाल्या, काढ फोटो! आता काढ तुझा मूड!"

धुकेवाल्यानं चिखलातून कॅमेरा उचलला. काच पुसली. आणि त्याच्या डोळ्यांना, मेल्यांना, तेवढ्यातही दिसलं की उजेड फार सुरेख पडलाय. त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी पुन्हा कधी आली नाही. पण त्यानं फोटो काढले. हसणारे चेहरे एकेक करून काढले, पहारी काढल्या, ड्रायव्हरच्या हातातली पिल्लं काढली, बाजूला पडलेला गार्ड काढला. कुणी आड आलं नाही. सगळे नीट उभे राहिले.

ते फोटो त्यानं जसेच्या तसे वनखात्याला दिले. रंग नाही, उजेड नाही, केसाइतका बदल नाही. आयुष्यातलं हे पहिलं काम त्यानं खुर्चीत न बसता पूर्ण केलं होतं. त्याला वाटलं, निदान एवढं तरी होईल. खटला उभा राहिला, आणि मुकादमाच्या वकिलानं एकच मुद्दा मांडला: हा माणूस फोटोत नसलेलं रक्त घालतो आणि असलेलं पुसतो. हे त्यानं स्वतः भर दुकानात, एवढ्या लोकांसमोर कबूल केलंय. याच्या फोटोवर विश्वास ठेवून कुणाला शिक्षा देणार? गार्डची साक्ष होती, पण तो धुकेवाल्याचाच मेव्हणा. बाकी गावातल्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. धुकं होतं ना!

सगळे सुटले. गार्डचा हात वाकडाच बसला, गुडघा दुमडायचा बंद झाला, आणि खात्यानं त्याला कचेरीत टेबलाशी बसवलं. बायकोनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त भावाकडं डबा द्यायला ती एकटी जायची, आणि हा निघाला की म्हणायची, "तुम्ही नका येऊ." गार्ड पुढं पुन्हा 'अहो भाऊजी' म्हणायला लागला, आणि ते धुकेवाल्याला थपडेपेक्षा जास्त लागलं.

धुकेवाल्यानं पहाटे जाणं सोडलं. तसबिरीही सोडल्या. "जसं असेल तसं देईन, चालत असेल तर या," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, त्यामुळं गिऱ्हाईक कमी झालं.

शाळा पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास एका सकाळी ड्रायव्हर दुकानाच्या दारात उभा राहिला. बरोबर मुलगी. बायको त्याला बघून आतल्या खोलीत निघून गेली. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "ओळखपत्राला फोटो पाहिजे शाळेच्या. दुसरीकडं गेलो असतो, पण..." त्यानं पोरीच्या गालाकडं बोट केलं. ओठाच्या कडेपासून कानापर्यंत जाड व्रण होता. "एवढं पुसून द्या. पोरं चिडवतात तिला. तुम्हाला येतं, म्हणतात."

"मी पुसत नाही आता," धुकेवाला म्हणाला. "नुसता फोटो काढतो, पाहिजे तर."

ड्रायव्हरनं मुलीला स्टुलावर बसवलं. धुकेवाल्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि तो तिच्यासमोर वाकला, तशी मुलगी एकदम मागं सरकली आणि स्टूल कलंडलं. बापानं तिला वरच्यावर धरलं. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. ती धुकेवाल्याच्या मानेवरच्या पट्ट्याकडं बघत होती.

"काय झालं गं?" बापानं विचारलं.

"त्याच्या पण गळ्यात असा पट्टा होता."

"कुणाच्या?"

"मला चावला ना, त्याच्या. पहिला चावला तो. लाल पट्टा होता."

मुकादमाच्या कुत्र्यांच्या गळ्यात लाल पट्टे होते. ड्रायव्हर ते रोज येता-जाता बघत होता.

"मग... मग आधी का नाही बोललीस?" त्यानं विचारलं.

"तोंड बांधलं होतं माझं. नंतर कुणी विचारलंच नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणालात की लांडगा होता."

ड्रायव्हरनं आपले दोन्ही हात वर केले आणि त्यांच्याकडं असं बघितलं की जणू ते कुणी दुसऱ्यानं त्याला लावून दिलेत. मग तो भिंतीशी गेला आणि तिथंच खाली बसला. धुकेवाल्यानं गळ्यातला पट्टा काढून टाकला आणि कॅमेरा हातात धरला.

मुलगी पुन्हा स्टुलावर बसली, केस नीट केले आणि वाट बघायला लागली. "काका," ती थोड्या वेळानं म्हणाली, "हसू की नको?"

"हस," तो म्हणाला. "तू जशी हसतेस तशी."

ती हसली, व्रणामुळं एका बाजूनं ओढल्यासारखी. त्यानं फोटो काढला. तिचा बाप भिंतीकडं तोंड करून रडत होता.